बेगोनियाचे नाव आणि त्यामागचे हात

सावलीच्या ओसरीत ठेवलेला कुंडीतील बेगोनिया आता आपल्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. भंडाऱ्यापासून मुंबईपर्यंत कोणत्याही रोपवाटिकेत तो मिळतो. त्याचे एका बाजूस झुकलेले मांसल पान आणि गुलाबी-पांढऱ्या फुलांचे झुबके पाहून आपण त्याला विदेशी पाहुणा समजतो. परंतु या कुंडीतल्या पाहुण्याची सख्खी भावंडे आपल्याच महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर, दर पावसाळ्यात उगवतात आणि पाऊस सरला की मातीत लपतात. त्यांना पाणी घालणारा कोणी नाही. त्यांची नावे मात्र मोठमोठ्या ग्रंथांत नोंदलेली आहेत. ती नावे तेथे कशी पोहोचली, याचा इतिहास तीन शतकांचा आहे. त्या इतिहासात धर्मगुरू आहेत, वैद्य आहेत, टपालखात्यातील अधिकारी आहेत आणि ज्यांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत अशी पुष्कळ माणसेही आहेत.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. वनस्पतींना नावे दिल्याचा उल्लेख तेथे नाही. जणू ते काम पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवले होते. हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. एखादे फूल 'नवीन' आहे असे म्हणायचे, तर त्यापूर्वी जगात कोणी कोठे ते पाहून नोंदले नाही याची खात्री करावी लागते. बेगोनियाच्या बाबतीत तर ही परीक्षा फारच कठीण. शास्त्रज्ञ ज्याला 'प्रजाती' म्हणतात ते एक घराणे असते आणि 'जाती' म्हणजे त्या घराण्यातील एकेक सदस्य. बेगोनियाच्या घराण्यात आज दोन हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांतील हजारांहून अधिक एकट्या आशिया खंडातील आहेत. आशियाच्या अरण्यांतून दरवर्षी आणखी काही नव्या जातींची भर पडत असते.

रानातला बेगोनिया ओळखावा कसा?

घराण्याची ओळख पटवणे कठीण नाही. पान देठाच्या दोन्ही बाजूंस सारखे नसते. एक बाजू मोठी, दुसरी लहान. पान चघळले तर आंबट लागते, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. एकाच झाडावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलात सामान्यतः चार पाकळ्या दिसतात, दोन मोठ्या आणि दोन लहान. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. मादीफुलाच्या मागे बीजकोश असतो आणि त्यास बहुधा तीन पंख असतात. पुढे त्याचेच पंखधारी सुके फळ होते आणि त्यातून धुळीसारखे बारीक बी बाहेर पडते.

यात निसर्गाची एक गमतीची युक्ती आहे. बेगोनियाच्या फुलांत सहसा मध नसतो. कीटक येतात ते नरफुलातील परागासाठी. मादीफुलाकडे त्यांना देण्याजोगे काहीच नाही. म्हणून मादीफुलाच्या मधली पिळदार पिवळी टोके नरफुलाच्या पुंकेसरांसारखी दिसतात. कीटक फसून तिकडे वळतो आणि परागण होऊन जाते.

घराणे ओळखल्यावर खरी कसोटी लागते ती जाती ओळखताना. जमिनीखाली कंद आहे की आडवे खोड? पानाची कड सरळ आहे, दातेरी आहे की गोल कंगोऱ्यांची? केस कोठे आहेत, वरच्या बाजूस, खालच्या बाजूस की फळावर? बीजकोशात कप्पे किती? फळाचे तिन्ही पंख सारखे की त्यांतील एक मोठा? या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळाल्यावाचून नाव सांगता येत नाही. दुर्दैवाने बेगोनिया हा पाणीदार जीव. तो कागदात दाबून वाळवू लागलो की पाने काळवंडतात, सांधे सुटतात, फुले गळून पडतात. पाकळ्यांचा रंग आणि संख्या जागेवरच लिहून ठेवली नाही, तर घरी आल्यावर हाती राहतो तो एक तपकिरी डाग.

एका साधूने दिलेले नाव

'बेगोनिया' हे नाव दिले ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधूने. तो १६४६ मध्ये मार्सेय येथे जन्मला. संत फ्रान्सिस ऑफ पावला यांनी स्थापलेल्या मिनिम संघाचा तो सदस्य होता. फ्रान्सच्या राजाने त्याला वनस्पतींचा अभ्यास करण्यासाठी कॅरिबियन बेटांवर धाडले. तेथील दमट रानांत त्याला ही तिरक्या पानांची झाडे आढळली. मिशेल बेगाँ हा फ्रेंच अधिकारी त्या बेटांचा कारभार पाहून गेलेला होता, विद्येचा चाहता होता आणि प्लुमिएचे नाव राजापर्यंत पोहोचवण्यात त्याचा वाटा होता. त्याच्याविषयीच्या कृतज्ञतेने प्लुमिएने १७०३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या घराण्यास 'बेगोनिया' म्हटले. पुढे १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने ते नाव स्वीकारले आणि एका जातीस 'बेगोनिया ऑब्लिका', म्हणजे तिरका बेगोनिया, असे संबोधिले. प्लुमिए १७०४ मध्ये, पुढच्या सफरीस निघाला असता, स्पेनमध्ये वारला.

आजही बेगोनियाची गोष्ट येथून सुरू करण्याचा प्रघात आहे. मात्र ज्या काळात प्लुमिए कॅरिबियन बेटांवर हिंडत होता, त्याच सुमारास आशियातील एका बेगोनियाचे चित्र हॉलंडमध्ये छापून निघत होते. त्या चित्राची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे.

मलबारचे आंबट पान

डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगिजांकडून कोची घेतली. त्यानंतर युरोपातून आलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना तेथे राहणे अवघड झाले. कार्मेलाईट संघाचे इटालियन फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ यांना मात्र राहता आले. ते वनस्पतींचे आणि औषधांचे जाणकार होते. पुढे मलबारचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रीड याने तेथील वनस्पतींचा ग्रंथ करण्याचे मनावर घेतले, तेव्हा आरंभीची मदत या फादरांनीच केली. एक प्रॉटेस्टंट अधिकारी आणि एक कॅथलिक साधू! त्यांच्या देशांत आणि पंथांत वैर होते. झाडापानांपुढे ते काही काळ एका मेजाशी बसले.

'हॉर्टस मलबारिकस' या नावाने तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. त्यात केवळ युरोपियनांचे ज्ञान नव्हते. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने आपली पिढीजात विद्या खुली केली. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी झाडांची नावे आणि गुण सांगितले. त्यांनी दिलेली कोंकणी साक्ष नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेली आहे. आपल्या मराठी वाचकास ती अक्षरे आजही ओळखता येतील. झाडे आणणारे, झाडावर चढणारे, चित्रे काढणारे असे आणखी पुष्कळ होते.

या ग्रंथाच्या नवव्या खंडात, १६८९ मध्ये, 'त्सेरिया नारिनमपुळी' या नावाचे एक चित्र आले. त्यातील 'पुळी' म्हणजे मल्याळममध्ये आंबट. नावातच पानाची चव आहे! पुढे १७८५ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने या चित्रावरून त्या झाडास 'बेगोनिया मलबारिका' असे शास्त्रीय नाव दिले. लामार्क मलबारास कधी आला नव्हता. मूळ नाव ज्यांच्या तोंडी होते, त्यांनी ते झाड पिढ्यानपिढ्या पाहिले आणि चाखले होते. शास्त्रीय नावात बेगाँ आला, मलबार आला; आंबटपणा गळून पडला.

हे लामार्कला दोष देण्यासाठी लिहीत नाही. जगभरच्या अभ्यासकांना एकच नाव हवे असते आणि त्यावाचून विज्ञानाचा व्यवहार चालत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव छापणारा शेवटी येतो. त्याच्या आधी ओळखणारे येऊन गेलेले असतात.

सह्याद्रीच्या कातळावर

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. श्रावण-भाद्रपदात मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात, खंडाळ्याच्या घाटात वा कोकणात उतरणाऱ्या कोणत्याही वाटेवर ओल्या खडकाच्या खाचेत एक वीतभर उंचीचे नाजूक रोप दिसते. पानाची कड कंगोऱ्यांची, फुले फिकट गुलाबी, देठ पारदर्शक वाटावा असा. हा 'बेगोनिया क्रेनाटा'. त्याचे वर्णन १७९१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या पहिल्याच ग्रंथात जोनास ड्रायंडर याने प्रसिद्ध केले. हा स्वीडिश विद्वान सर जोसेफ बँक्स यांच्या ग्रंथालयाचा व्यवस्थापक होता. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. येथल्या पावसात भिजून कोणीतरी ते रोप खुडले, दाबले, वाळवले, जहाजावर चढवले, आणि काही महिन्यांनी ते लंडनमधील एका मेजावर पोहोचले.

पुढच्या शंभर वर्षांत मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा अभ्यास वाढत गेला. मुंबईच्या टपालखात्यातील जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये येथील वनस्पतींची सूची सिद्ध केली. छपाई पुरी होण्यापूर्वीच ते खंडाळ्यास वारले आणि उरलेले काम त्यांच्या मित्राने केले. निकोल डालझेल यांनी १८५१ मध्ये 'बेगोनिया ट्रायकोकार्पा', म्हणजे केसाळ फळाचा, आणि 'बेगोनिया इंटेग्रिफोलिया', म्हणजे अखंड कडेच्या पानाचा, अशा दोन जाती वर्णिल्या. त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्यासमवेत १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. १८५९ मध्ये जिनिव्हाच्या आल्फोन्स द कान्डोल यांनी आणखी एका जातीस 'कोंकानेन्सिस' म्हटले. कोकणचे नाव बेगोनियाच्या घराण्यात असे गेले. द कान्डोल यांनीही कोकण पाहिले नव्हते. अखेर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार केला आणि विखुरलेली ही सर्व माहिती एकत्र आणली.

येथे भंडाऱ्याच्या वाचकाने एक प्रश्न विचारावा. या ग्रंथांत आमचा जिल्हा कोठे आहे? तो नाही. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, नागपूरच्या कारभाराखाली. मुंबई इलाख्याच्या ग्रंथकारांनी आपली सीमा ओलांडली नाही. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांची भंडाऱ्याची पानगळीची राने त्या ग्रंथांच्या बाहेरच राहिली. वनस्पती सरकारी सीमा मानीत नाहीत, ग्रंथ मानतात. ही उणीव कशी भरून निघाली हे पुढे येईल. तत्पूर्वी दोन येशूसंघीय धर्मगुरूंची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी

१९०३ हे वर्ष मराठी कॅथलिकांस परिचित आहे. त्या वर्षी फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. त्याच वर्षी एथेलबर्ट ब्लॅटर हा तरुण स्विस येशूसंघीय मुंबईस आला आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागला. त्याचा जन्म १८७७ चा. वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर विद्यार्थ्यांच्या हाती वनस्पती हव्यात, या साध्या गरजेतून १९०६ मध्ये कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू झाला. असा संग्रह म्हणजे हर्बेरियम. तो आज 'ब्लॅटर हर्बेरियम' म्हणून ओळखला जातो आणि त्यात लाखाहून अधिक नमुने आहेत.

धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी ब्लॅटर मध्यंतरी युरोपात होते. तेथे धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन ते पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईस परतले. त्या युद्धाने जर्मन येशूसंघीयांचे मुंबईतील कार्य मोडून पडले. ब्लॅटर स्विस असल्याने त्यांचे काम चालू राहिले. १९१९ ते १९२४ ते कॉलेजचे प्राचार्य होते. ताडमाडांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. एडन, अरबस्तान, काश्मीर, राजपुतान्याचे वाळवंट या साऱ्यांच्या वनस्पतींवर त्यांनी लिहिले. वझिरिस्तानच्या वनस्पतींवरील लेखमालेत जे. फर्नांडिस हे त्यांचे सहलेखक होते. ब्लॅटर यांच्या लेखनात सहकाऱ्याचे नाव वारंवार स्वतःच्या नावाशेजारी येते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

त्यांतील सर्वांत ठळक सहकारी म्हणजे चार्ल्स मॅककॅन. मॅककॅन १८९९ मध्ये कॅसलरॉक येथे जन्मले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ते काम करीत आणि पक्षी, सरपटणारे प्राणी, कीटक, वनस्पती, सर्वच त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. कुक यांच्या ग्रंथातील त्रुटी दूर करून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची फेरतपासणी करायची, हे काम ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी हाती घेतले. सोसायटीच्या नियतकालिकातून त्याचे भाग अनेक वर्षे प्रसिद्ध होत राहिले. याच काळात, १९३० च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी पश्चिम घाटातील एका बेगोनियाचे नवी जाती म्हणून वर्णन केले आणि तिला 'बेगोनिया फ्रिक्सोफायला' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ताठ केसांच्या पानांचा. बागेतल्या मऊ, तुळतुळीत बेगोनियाहून वेगळे असे हे काटेरी वाटणारे पान.

असे वर्णन लिहिण्याची रीत कशी असते? प्रथम रोप मुळासकट, फुलासकट आणि शक्यतो फळासकट मिळवायचे. स्थळ, उंची, तारीख, फुलाचा रंग जागेवर टिपायचा. मग ड्रायंडर, डालझेल, द कान्डोल, कुक यांची वर्णने एकेक करून समोर ठेवायची आणि जुने नमुने पाहायचे. हे यांपैकी कोणतेच नव्हे अशी खात्री झाली, तरच नवे नाव. एक तरी रोप वाळवून, कागदावर चिकटवून, चिठ्ठी लावून कायमचे जपून ठेवायचे. नाव ज्याला बांधलेले असते त्या नमुन्यास 'प्ररूप' म्हणतात. १९५८ पासून नवी जाती जाहीर करताना प्ररूप सांगणे बंधनकारक झाले.

प्ररूप ही या साऱ्या शिस्तीची साक्ष आहे. पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्यास शंका आली की ही दोन झाडे एकच आहेत, तर त्याने कोणाच्या मोठेपणावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. त्याने कपाट उघडावे, तो कागद काढावा आणि स्वतः पाहावे. फादर ब्लॅटर यांच्यासारख्या विद्वानाचे मतही तेथे पुन्हा तपासले जाऊ शकते आणि गरज पडल्यास बदलले जाऊ शकते. आपले चुकणे पुढच्या पिढीस शोधता यावे, अशी सोय स्वतःच्या हाताने करून ठेवणे, यापरता नम्रतेचा धडा कोणता?

भाषेचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९३५ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली मिस्सा मराठीत होऊ लागली, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ लॅटिनच लिहीत राहिले. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिनबरोबर इंग्लिशही चालू लागली. नावे मात्र अजून लॅटिन घाटाचीच असतात.

फादर ब्लॅटर १९३४ मध्ये पुण्यास वारले. गवतांवरील त्यांचा आणि मॅककॅन यांचा ग्रंथ त्यानंतर, १९३५ मध्ये निघाला. मॅककॅन १९४६ मध्ये न्यूझीलंडला गेले आणि तेथेच १९८० मध्ये वारले. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या 'सेरोपेजिया' या वेलवर्गीय घराण्यातील एका जातीस या दोघांनी पाचगणीचे नाव दिले होते. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच घराण्यातील एका जातीस 'मॅककॅनी' असे नाव देऊन ते ऋण फेडले.

सांतापाव यांनी जोडलेला दुवा

त्याच घराण्यात 'सांतापावी' नावाची आणखी एक जाती आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमधील येशूसंघीय, जन्म १९०३ चा. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर यांची परंपरा त्यांनी पुढे चालवली. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. एकच घाट पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या ऋतूंत पाहायचा, ही त्यांची पद्धत. बेगोनियासारख्या वनस्पतीस हीच पद्धत लागू पडते. दिवाळीच्या सुटीत घाटात जाणाऱ्यास तेथे वाळलेले देठही मिळत नाहीत.

१९५४ मध्ये भारत सरकारने मरगळलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना केली आणि पुढे तिची धुरा फादर सांतापाव यांच्याकडे आली. १९५५ मध्ये पुण्यास या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र स्थापन झाले. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले; १९६७ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली; १९७० मध्ये मुंबईत ते निवर्तले.

भंडाऱ्याची राहून गेलेली जागा भरली ती या मार्गाने. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि विदर्भ त्यात आला. पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी नागझिरा आणि ताडोबा यांसारख्या पूर्वेकडील रानांतील वनस्पतींचाही अभ्यास केला. संस्थेने १९९६ ते २००१ या काळात महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतींचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्याची जुनी रेघ त्यात पुसली गेली. कोकणचा बेगोनिया आणि वैनगंगेकाठचा मोह एका ग्रंथमालेत आले.

भंडाऱ्यात उरलेले काम

मग सारे संपले काय? शास्त्रीय नावे मिळाली. परंतु 'पुळी' सारखी नावे, ज्यांत चव, उपयोग, ऋतू साठवलेला असतो, ती कोण लिहिणार?

या बाबतीत जुन्या भंडारा जिल्ह्याचे उदाहरण महाराष्ट्रास अभिमानाचे आहे. नवेगाव बांध १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होते. तेथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्या माणसांना गुरू मानले. माधव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडून आणि आदिवासींकडून, कोळ्यांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी ऐकली, पडताळली आणि मराठीत आणली. त्यांचे पक्षिकोश, प्राणिकोश आणि वृक्षकोश म्हणजे अशा कष्टांचे फळ. २०२५ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे देहावसान झाले. रंग भट आणि अप्पू भट यांचे ऐकणारा जसा एक व्हान रीड मिळाला, तसा पूर्व विदर्भातील रानमाणसांना चितमपल्लींच्या रूपाने आपलाच एक ऐकणारा मिळाला. फरक एवढाच की हा ऐकणारा त्यांच्या भाषेच्या राज्यातला होता.

अशा ओळखीचा प्रत्यक्ष उपयोगही याच भागात दिसतो. भंडारा-गोंदियातील जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, ते मुख्यतः कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. पुढे त्यांत बेशरम नावाचे विदेशी झुडूप माजले, पाण्यातील मूळच्या वनस्पती कमी झाल्या आणि त्यांबरोबर मासेही घटले. अलीकडच्या काळात ढिवर समाजातील स्त्रियांनी काही तलावांतून बेशरम उपटून काढले आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत मासा अंडी घालतो, कोणती त्याच्या पोटात जाते, हे त्या समाजास ठाऊक होते. ओळख होती म्हणून निवड करता आली. जेथे सारेच 'गवत' असते, तेथे काय उपटावे आणि काय राखावे हे कोणी सांगायचे?

हे ज्ञान वयोवृद्धांबरोबर जात आहे. आज हातातला फोन पानाचे छायाचित्र पाहून क्षणात एखादे नाव सुचवतो. ती सोय चांगली आहे. परंतु फोन सुचवतो ते नाव म्हणजे अंदाज. बीजकोशाचे कप्पे त्याने मोजलेले नसतात आणि आजी त्या पानाची भाजी कोणत्या महिन्यात करीत असे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांस एक सूचना करावीशी वाटते. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, तलावाच्या काठावर जी झाडे उगवतात, त्यांतील दहा झाडांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावीत. एक वही करावी. प्रत्येक पानावर स्थळ, तारीख, फुलाचा रंग, गावातील नाव, उपयोग आणि ते सांगणाऱ्याचे नाव लिहावे. झाड विपुल असेल तर एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. विरळ असेल तर खुडू नये, छायाचित्र पुरे. कोका आणि नागझिरा यांसारख्या अभयारण्यांत तर काहीच खुडू नये. तेथे तशी मनाई आहे. शास्त्रीय नाव ठाऊक नसेल तर त्याची जागा मोकळी सोडावी. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ती भरू शकेल. सांगणाऱ्याच्या नावाची जागा मात्र कधीही मोकळी सोडू नये.

ड्रायंडरच्या मेजावर पोहोचलेला बेगोनिया कोणत्या हातांनी खुडला, ते या कथेत येऊ शकले नाही. भंडाऱ्याच्या वह्यांत ती जागा रिकामी राहू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.